पिनयिनची स्पेलिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न चिनी शिकायला लागलेल्या मराठी माणसांचे आहेत. पदविकेच्या पहिल्या वर्षातले विद्यार्थी, चीनमध्ये एमबीबीएसला गेलेली मुलं, यीवूच्या बाजारातून माल आणणारे व्यापारी आणि चिनी नावं कशी छापावीत या पेचात पडलेले उपसंपादक असे सगळे त्यात आहेत. ज्याचं उत्तर दुसरीकडे येतं तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

एक गोष्ट आधी सांगते. या पानावर रोमन अक्षरं मुद्दाम त्यांच्या नावांनी लिहिली आहेत. एक्स-आय-ए-एन म्हणजे ती चार अक्षरं सलग. रोमन अक्षर समोर आलं की आपला डोळा न विचारता ते इंग्रजीसारखं वाचून मोकळा होतो आणि पिनयिनमधल्या बहुतेक चुका तिथेच होतात. उच्चार अवतरणचिन्हांत दिले आहेत. देवनागरीत जितकं जवळ जाता येतं तितकेच ते जवळचे आहेत.

१. पिनयिन म्हणजे चिनी लिपी का?

नाही. चिनी लिपी म्हणजे हानत्सी, ती चौकोनात बसणारी अक्षरं. त्या अक्षरांचा उच्चार रोमन अक्षरांत लिहायची ठरवून दिलेली पद्धत म्हणजे पिनयिन. चीनच्या राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेने ती ११ फेब्रुवारी १९५८ रोजी मंजूर केली. ती घडवणाऱ्यांमध्ये चोउ योउक्वांग यांचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं. ते मूळचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक. २०१७ साली, वयाची १११ वर्षं पूर्ण करून ते गेले. १९८२ साली या पद्धतीला आयएसओचं मानकही मिळालं, क्रमांक ७०९८.

चीनमधली मुलं पहिलीत पिनयिन शिकतात आणि मोठी माणसं मोबाइलवर पिनयिन टाइप करून त्यातून हवं ते अक्षर निवडतात. नियमाने बोलायचं तर 'फिनयिन' म्हणायला हवं (का ते प्रश्न २ मध्ये), पण मराठीत पिनयिन रुळलं आहे, म्हणून तेच ठेवलं आहे.

२. मला इंग्रजी चांगलं येतं. मग पिनयिन सरळ वाचलं तर काय बिघडलं?

बरंच बिघडतं, कारण अक्षरं तीच असली तरी त्यांना नेमून दिलेले ध्वनी वेगळे आहेत. सगळ्यात मोठा फरक बी-पी, डी-टी आणि जी-के या जोड्यांत आहे. इंग्रजीत बी म्हणजे 'ब'. प्रमाण चिनीत 'ब', 'द', 'ग' हे घोष ध्वनी मुळात नाहीतच. तिथला भेद अल्पप्राण आणि महाप्राण असा आहे, म्हणजे आपला प आणि फ यांच्यातला. म्हणून बी म्हणजे 'प', पी म्हणजे 'फ', डी म्हणजे 'त', टी म्हणजे 'थ', जी म्हणजे 'क' आणि के म्हणजे 'ख'. हा 'फ' ओठ मिटून काढायचा. फोटोमधला फ पिनयिनमध्ये एफने लिहितात.

हा भेद ऐकायला शिकताना इंग्रजी भाषकांना महिने लागतात. आपण 'पळ' आणि 'फळ', 'कोल' आणि 'खोल' यांत कधी गोंधळत नाही. ही आपली जमेची बाजू आहे आणि इंग्रजीच्या वाटेने गेलं की ती वाया जाते.

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं चिनी नाव पाहा. १९३८ साली भारतातून चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात ते होते आणि १९४२ साली तिथेच त्यांचा अंत झाला. त्यांचं आडनाव चिनीत के-ई, डी-आय, एन-आय, एस-आय अशा चार अक्षरांत उतरवलं गेलं. आपल्या 'ट'साठी चिनी माणसाने निवडलेलं अक्षर पिनयिनमध्ये डीने लिहितात, टीने नाही. पुढे नाव झालं के-ई डी-आय-एच-यू-ए, म्हणजे 'खऽ तीह्वा'. 'ह्वा' म्हणजे चीन. पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी हेच अक्षर आहे.

३. जे, झेड आणि झेड-एच या तिन्हींना आमच्या मॅडम 'च' म्हणतात. मग तीन स्पेलिंग कशाला?

कारण 'च' तीन आहेत आणि त्यातले दोन तुम्ही रोज बोलता. 'चिमणी'तला च म्हणजे जे. 'चमचा'तला च म्हणजे झेड. तिसऱ्यासाठी जिभेचं टोक वर वळवून 'ट' म्हणताना जिथे टेकतं तिथे न्या आणि 'च' म्हणा, तो झेड-एच. हिंदी किंवा इंग्रजी बोलणाऱ्याला चिमणी आणि चमचा यांतला फरक समजावून सांगावा लागतो, मराठी माणसाला नुसती आठवण करून द्यावी लागते.

प्रत्येक 'च'चा महाप्राण जोडीदार आहे. जेचा जोडीदार क्यू, म्हणजे 'छत्री'तला छ. झेड-एचचा जोडीदार सी-एच, म्हणजे जीभ वळवून काढलेला छ. झेडचा जोडीदार सी, म्हणजे 'चमचा'तला च भरपूर हवेसह. हाही मराठीत नाही, तो घोटावा लागतो. तसंच एक्स म्हणजे 'शिवाजी'तला श, एस म्हणजे स आणि एस-एच म्हणजे पाठशाळेत शिकवतात तसा खरा ष. आर काढताना जीभ 'ष'च्याच जागी ठेवून आवाज घुमवायचा.

नागपूरचे डॉ. चोळकर कोटणीसांच्याच पथकात होते. त्यांच्या 'चो'साठी चिनीत झेड-एच-यू-ओ आलं, सी-एच आलं नाही. आपला च अल्पप्राण आहे हे चिनी कानाने बरोबर टिपलं.

आता स्पेलिंगचा नियम. जे, क्यू, एक्स यांच्यापुढे फक्त 'ई' किंवा ओठ गोल केलेला 'ई' (प्रश्न ६) किंवा त्यांच्यापासून सुरू होणारे स्वर येतात. झेड, सी, एस, झेड-एच, सी-एच, एस-एच, आर यांच्यापुढे ते कधीच येत नाहीत. प्रश्न ६ आणि ८ मधल्या दोन्ही युक्त्या या एका वाटणीवर उभ्या आहेत, म्हणून हा परिच्छेद पुन्हा वाचा.

४. त्यापेक्षा देवनागरीत उच्चार लिहून पाठ केले तर?

पहिला आठवडा कान तयार करायला ठीक आहे. त्यानंतर वही बंद करा. जे-आय, झेड-आय आणि झेड-एच-आय हे तीन वेगळे उच्चार देवनागरीत 'ची', 'च' असे काहीतरी होऊन एकमेकांत मिसळतात. एल-यू आणि यूवर दोन टिंबं असलेला एल-यू (प्रश्न ६) दोन्ही 'लू' होतात. शिवाय परीक्षेत, शब्दकोशात आणि मोबाइलवर पिनयिनच लागतं.

५. इतके वाय आणि डब्ल्यू कुठून येतात? वाय-आय म्हणजे 'यी' की 'ई'?

'ई'. वाय आणि डब्ल्यू हे पिनयिनमध्ये बरेचदा व्यंजन नसून कुंपण आहेत. अक्षराच्या, म्हणजे एका चिनी अक्षराच्या उच्चाराच्या, सुरुवातीला व्यंजन नसेल आणि ते आय, यू किंवा टिंबांच्या यूने सुरू होत असेल, तर हद्द दाखवायला ही खूण आधी लावतात.

ती नसती तर काय झालं असतं? ओव्हरकोटला चिनीत डी-ए-वाय-आय म्हणतात, 'ता-ई', दोन अक्षरं. वाय काढला की उरतं डी-ए-आय, म्हणजे 'ताइ', एकच अक्षर आणि वेगळाच शब्द.

नियम असा. आय एकटा असेल, किंवा त्याच्यानंतर फक्त एन किंवा एन-जी असेल, तर आय तसाच ठेवून आधी वाय लावा: वाय-आय, वाय-आय-एन, वाय-आय-एन-जी. आयनंतर दुसरा स्वर असेल तर आय काढून त्याच्या जागी वाय लिहा, जसं आय-ए-ओ चं वाय-ए-ओ. यूचंही तसंच. एकटा असेल तर डब्ल्यू-यू, उच्चार 'ऊ'. नंतर स्वर असेल तर यूच्या जागी डब्ल्यू. टिंबांच्या यूला मात्र सगळीकडे आधी वाय लागतो आणि टिंबं जातात: वाय-यू, वाय-यू-ई, वाय-यू-ए-एन, वाय-यू-एन.

६. यूवरची दोन टिंबं कधी लिहायची आणि कधी नाही?

आधी ध्वनी. 'ई' म्हणत राहा आणि जीभ जराही न हलवता ओठ 'ऊ'सारखे गोल करा. जे निघेल तो टिंबांचा यू.

टिंबं फक्त एन आणि एल या दोन व्यंजनांनंतर लिहितात, कारण तिथे दोन्ही यू येऊ शकतात आणि अर्थ बदलतो. चौथ्या टोनमध्ये (टोन म्हणजे अक्षर म्हणताना होणारा आवाजाचा चढ-उतार) एल-यू म्हणजे रस्ता आणि टिंबांसह एल-यू म्हणजे हिरवा. टिंबांसह एन-यू तिसऱ्या टोनमध्ये म्हणजे स्त्री, टिंबांशिवाय चौथ्यात म्हणजे राग.

जे, क्यू, एक्स आणि वाय यांच्यानंतर टिंबं गाळतात, कारण तिथे साधा यू कधी येतच नाही (प्रश्न ३). तिथे लिहिताना टिंबं गेली तरी उच्चारात राहतात. एक्स-यू 'शू' नाही आणि क्यू-यू 'छू' नाही. दरवर्षी नव्या वर्गात ही चूक पहिल्या दिवशी होते आणि दुरुस्त केली नाही तर वर्षानुवर्षं टिकते.

मोबाइलवर टिंबांच्या यूसाठी व्ही दाबतात. चिनी शब्दांच्या पिनयिनमध्ये व्ही लागतच नाही, ते बटण रिकामं होतं. हिरव्या रंगासाठी एल-व्ही दाबा, पण वहीत किंवा उत्तरपत्रिकेत व्ही लिहू नका. चिनी पासपोर्टवर ही सोय आणखी वेगळी असते. तिथे टिंबांच्या यूऐवजी वाय-यू छापतात, म्हणून एक आडनाव एल-वाय-यू असं दिसतं.

७. एल-आय-यू 'लिउ' का नाही? मधे 'ओ' कुठून ऐकू येतो?

तो 'ओ' उच्चारात आहे, लिहिताना गाळला आहे. आय-ओ-यू, यू-ई-आय आणि यू-ई-एन या तीन स्वरगटांच्या आधी व्यंजन आलं की मधलं अक्षर गळतं. उरतात आय-यू, यू-आय आणि यू-एन. म्हणून एल-आय-यू म्हणजे 'ल्योउ', जी-यू-आय म्हणजे 'क्वेइ' आणि एल-यू-एन म्हणजे 'ल्वन'. आधी व्यंजन नसेल तर मधलं अक्षर परत येतं: वाय-ओ-यू, डब्ल्यू-ई-आय, डब्ल्यू-ई-एन.

फसगत यू-एनमध्ये होते. जे, क्यू, एक्स, वाय यांच्यानंतरचा यू-एन हा टिंबांचा आहे आणि त्यात कुठलंच अक्षर गळलेलं नाही.

८. एस-आय म्हणजे 'सी' ना?

नाही. एक्स-आय म्हणजे 'शी' आणि एम-आय म्हणजे 'मी', पण एस-आय म्हणजे दात जवळ ठेवून लांबवलेला 'सऽ'. झेड, सी, एस आणि झेड-एच, सी-एच, एस-एच, आर या सात व्यंजनांनंतरचा आय 'ई' नसतो. व्यंजनासाठी जीभ जिथे आहे तिथेच ठेवून आवाज चालू ठेवायचा. प्रत्येक अक्षरात एखादा स्वर लिहिलेला दिसावा म्हणून तिथे आय ठेवला आहे. त्या सातांपुढे खरा 'ई' येत नसल्यामुळे गोंधळ होत नाही, आणि स्वतंत्र चिन्हाची गरज पडली नाही.

९. लिहिलंय ए, वाचतात 'ए'सारखं, कधी 'आ'. काही नियम आहे का?

आहे, आणि तो छोटा आहे. ए हा सहसा 'आ'. मात्र आय-ए-एन या गटात तो 'ए'कडे झुकतो: टी-आय-ए-एन म्हणजे 'थ्येन', आकाश. वाय-ए-एनही 'येन'. टिंबांच्या यू-ए-एनमध्येही तेच होतं, म्हणून चलनाचं नाव आपण 'युआन' म्हणत असलो तरी चिनी माणूस 'युएन' म्हणतो. शेवटी एन-जी आलं की 'आ' परत येतो. आय-ए-एन-जी म्हणजे 'यांग'.

ई एकटा असेल तर घशाच्या बाजूने काढलेला लांब 'अ', तोच कोटणीसांच्या 'खऽ'मधला. ई-एन 'अन', ई-एन-जी 'अंग'. पण ई-आय 'एइ' आणि आय-ई 'ये'. आणि बी, पी, एम, एफ यांच्यानंतर नुसता ओ लिहितात तो खरं तर यू-ओ असतो: बी-ओ म्हणजे 'प्वो'.

१०. टोनची खूण कोणत्या स्वरावर द्यायची?

ए किंवा ई असेल तर त्याच्यावर, दोन्ही एका अक्षरात कधी येत नाहीत. ओ-यू असेल तर ओवर. बाकी सगळीकडे शेवटच्या स्वरावर. म्हणून आय-यूमध्ये यूवर आणि यू-आयमध्ये आयवर. खूण आयवर आली की आयचा टिंब काढतात. टिंबांच्या यूची टिंबं मात्र राहतात आणि खूण त्यांच्याही वर बसते.

११. 'नी हाओ' म्हणताना पहिला टोन बदलतो असं शिकवलं. मग लिहिताना बदलायचा का?

लिहिताना मूळ टोन. 'नी' आणि 'हाओ' दोन्ही तिसऱ्या टोनचे आहेत. बोलताना पहिला दुसऱ्या टोनचा होतो, लिहिताना दोन्हींवर तिसऱ्याची खूण राहते. पुस्तकं वेगवेगळी वाटतात ती 'एक' या अर्थाच्या वाय-आय आणि 'नाही' या अर्थाच्या बी-यू या दोन शब्दांत. मानक नियम तिथेही मूळ टोनच मागतो, पण नवशिक्यांच्या अनेक पुस्तकांत बदललेला टोन छापतात, म्हणजे वाचताना अडखळायला होत नाही. परीक्षेसाठी तुमच्या पुस्तकाची पद्धत धरा आणि पूर्ण उत्तरपत्रिकेत तीच ठेवा. हलक्या टोनवर, म्हणजे 'मामा'च्या (आई) दुसऱ्या 'मा'वर, कुठलीच खूण नसते.

१२. मोबाइलवर खुणा टाइप होत नाहीत. चालेल का?

अक्षरानंतर टोनचा आकडा लिहा, १ ते ४. हलक्या टोनसाठी ५ किंवा ०. रस्त्यावरच्या पाट्या आणि पासपोर्ट यांवर खुणा नसतातच. शिकणाऱ्याने मात्र खुणा सोडू नयेत. टोन सोडला तर चिनीत सुमारे चारशेच वेगळी अक्षरं उरतात आणि तेवढ्यांत अख्खी भाषा बसवायची असते.

१३. शी-आन शहराच्या नावात मधे अपॉस्ट्रॉफी का असते? ती गाळली तर?

गाळली तर दोन अक्षरांचं एक होतं. एक्स-आय आणि ए-एन अशी दोन अक्षरं आहेत, 'शी-आन'. अपॉस्ट्रॉफी काढून सलग लिहिलं की ते एक अक्षर वाचलं जातं, 'श्येन', आणि चौथ्या टोनमध्ये त्याचा अर्थ होतो तालुक्यासारखा प्रशासकीय विभाग.

नियम: शब्दात पहिलं सोडून कुठलंही अक्षर ए, ओ किंवा ई यांनी सुरू होत असेल तर त्याच्याआधी अपॉस्ट्रॉफी. थ्येन-आन-मनमध्ये ती 'आन'च्या आधी येते. समुद्रपक्ष्याला 'हाइ-ओउ' म्हणतात, तिथे 'ओउ'च्या आधी. मुलगी या अर्थाच्या शब्दात टिंबांच्या एन-यूनंतर आणि ई-आरच्या आधी. आय, यू आणि टिंबांचा यू या नियमात नाहीत, कारण त्यांच्यासाठी वाय आणि डब्ल्यूचं कुंपण आधीच घातलेलं आहे (प्रश्न ५).

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. अपॉस्ट्रॉफी नसेल तर मधलं व्यंजन पुढच्या स्वराकडे जातं. जे-आय-एन-ए-एन असं सलग दिसलं की ते 'ची-नान', षानतुंग प्रांताची राजधानी. एन मागच्या अक्षराचा असता तर एननंतर अपॉस्ट्रॉफी आली असती. फूचौ शहरातल्या 'चिन-आन' या विभागाचं नाव तसंच लिहितात. एफ-ए-एन-जी-ए-एन सलग असेल तर 'फान-कान', म्हणजे तिटकारा. जीनंतर अपॉस्ट्रॉफी असेल तर 'फांग-आन', म्हणजे आराखडा. कामाच्या ईमेलमध्ये हा फरक जपण्यासारखा आहे.

इंग्रजी वृत्तपत्रं थ्येनआनमनमधली अपॉस्ट्रॉफी सर्रास गाळतात. त्यांचं पाहून शिकू नका.

१४. शब्दाच्या शेवटी नुसता आर दिसतो. तो काय आहे?

पेइचिंगकडच्या बोलीत अनेक शब्दांच्या शेवटी जीभ वळते. ते वळण शब्दाच्या शेवटी एक आर लावून दाखवतात. फूल 'ह्वा' असतं त्याचं 'ह्वार' होतं. चिनी लिपीत त्यासाठी पूर्ण एक अक्षर लिहितात, पिनयिनमध्ये मात्र फक्त आर, वेगळं ई-आर नाही. तेच अक्षर मूल या पूर्ण अर्थाने आलं तर पुरं ई-आर लिहायचं, जसं प्रश्न १३ मधल्या मुलगीच्या शब्दात.

१५. दोन अक्षरं जोडून लिहायची की सुटी? प्रत्येक पुस्तकात वेगळं दिसतं.

चिनी लिपीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे शब्द कुठे संपतो हे ठरवायची सवय चिनी माणसालाही नसते. म्हणूनच पाट्यांवर कधी प्रत्येक अक्षर सुटं तर कधी अख्खी ओळ सलग दिसते. यासाठी जीबी/टी १६१५९ हे राष्ट्रीय मानक आहे, पहिलं १९९६ चं, सुधारित २०१२ चं. त्याचं मूळ सूत्र म्हणजे अक्षर सुटं नाही, शब्द सुटा.

ग्रंथालय, 'थूषूक्वान', तीन अक्षरं पण एक शब्द, म्हणून सलग. 'माझं पुस्तक' म्हणजे 'वो त षू', तीन शब्द, तीन सुटे. 'नाही'चा बी-यू क्रियापदापासून सुटा. अनेकवचनाचं 'मन' नामाला किंवा सर्वनामाला चिकटून. क्रिया झाली हे सांगणारं 'ल' क्रियापदाला चिकटून, पण वाक्याच्या शेवटी परिस्थिती बदलल्याचं सांगणारं 'ल' सुटं. ११ ते ९९ सलग. पहिला, दुसरा अशा क्रमवाचकात 'ती'नंतर जोडरेघ. चार अक्षरांच्या ठरलेल्या म्हणी दोन-दोन अक्षरांत फुटत असतील तर मधे जोडरेघ. वाक्याचं पहिलं आणि विशेषनामाचं पहिलं अक्षर कॅपिटल.

'ल'च्या बाबतीत वर्षभर चुकलात तरी काळजी नको, अर्थ कळतो. आधी नामं सलग लिहायची सवय लावा.

१६. माणसांची नावं कशी लिहायची? आडनाव कुठे?

आडनाव आधी, मग जागा, मग पूर्ण नाव सलग. दोन्हींची पहिली अक्षरं कॅपिटल. नावातल्या दोन अक्षरांत जोडरेघ नाही, ती जुन्या पद्धतीत असे. एम-ए-ओ, जागा, झेड-ई-डी-ओ-एन-जी. उच्चार 'माओ चऽतुंग', 'चमचा'तला च धरून. मराठीत पूर्वीपासून 'त्से तुंग' लिहितात आणि त्यातला 'तुंग' हा इंग्रजी वळणाच्या 'डाँग'पेक्षा मूळ उच्चाराच्या कितीतरी जवळ आहे.

काही आडनावं दोन अक्षरी असतात. ती सलग लिहायची: ओउयांग, 'सऽमा'. इतिहासकार 'सऽमा छ्येन' यांचं नाव सरावाला उत्तम आहे. एस-आय-एम-ए क्यू-आय-ए-एन या आठ अक्षरांत प्रश्न ३, ८ आणि ९ तिन्ही येतात.

१७. षान्शी प्रांताच्या नावात एकदा एक ए आणि एकदा दोन ए का?

कारण ते दोन प्रांत आहेत, शेजारी-शेजारी. एकाची राजधानी थाइयुएन, दुसऱ्याची शी-आन. पहिल्याचं पहिलं अक्षर पहिल्या टोनचं, दुसऱ्याचं तिसऱ्या टोनचं. खुणा दिल्या तर अडचणच नाही, दोन्हीकडे एकच ए. पण नकाशावर खुणा नसतात आणि दोन्ही नावं हुबेहूब सारखी होतात. म्हणून शी-आनच्या प्रांताला दोन ए देतात. पिनयिनमध्ये असा नियम नाही. १९२८ साली अधिकृत झालेल्या एका जुन्या रोमन पद्धतीत टोन स्पेलिंगमधूनच दाखवत आणि तिसऱ्या टोनसाठी स्वर दुप्पट करत. तिथून हा एक ए उसना आणला आहे.

१८. हार्बिन, ल्हासा, उरुम्ची ही नावं नियमात का बसत नाहीत?

ती मूळ चिनी नाहीत. मांचू, तिबेटी, मंगोल, उइघुर भाषांतली गावांची नावं त्या त्या भाषेच्या उच्चारावरून रोमनमध्ये लिहितात. चिनी अक्षरांवरून लिहिलं असतं तर ल्हासाचं 'लासा' आणि हार्बिनचं 'हा-अर्-पिन' झालं असतं, मधे अपॉस्ट्रॉफीसह.

दुसरा गट जुन्या स्पेलिंगचा. पेकिंग विद्यापीठ आणि त्सिंगह्वा विद्यापीठ यांनी इंग्रजी नावात जुनं रूप ठेवलं आहे, त्सिंगताओ बिअरनेही. हाँगकाँग आणि सुन यत्-सेन ही नावं कँटनी उच्चारावरून आली आहेत. तैवानने २००९ साली पिनयिन स्वीकारलं, पण ताइपेसारखी शहरांची रूढ नावं आणि माणसांची नावं बरीचशी जुन्या पद्धतीनेच चालतात.

१९. शाळेत शिकलेला ह्यूएनत्संग पिनयिनमध्ये शोधला तर सापडत नाही.

एक्स-यू-ए-एन-झेड-ए-एन-जी असा शोधा. एक्सनंतरचा यू टिंबांचा (प्रश्न ६), त्यामुळे यू-ए-एन 'युएन' (प्रश्न ९), आणि झेड 'चमचा'तला च. उच्चार 'श्युएनचांग'. फाहियान म्हणजे एफ-ए-एक्स-आय-ए-एन, 'फाश्येन', आणि इत्सिंग म्हणजे वाय-आय-जे-आय-एन-जी, 'ईचिंग'. आपल्या पुस्तकांतली रूपं पिनयिनच्या आधीच्या युरोपीय पद्धतींतून आली आहेत.

सातव्या शतकात श्युएनचांग आपल्याकडे आला. त्याने महाराष्ट्राचं नाव चार चिनी अक्षरांत लिहिलं, ती आज पिनयिनमध्ये एम-ओ, एच-ई, एल-ए, सी-एच-ए अशी लिहितात. शेवटचा महाप्राण सी-एच त्या काळी 'ठ'सारखा उच्चारला जाई, म्हणजे त्याच्या कानावर प्राकृतातलं 'महरट्ठ' पडलं होतं. पुलकेशीच्या नावाची सुरुवात बी-यूने होते, कारण बी म्हणजे 'प'. त्याच नावातला 'के' आज जे-आय असा वाचला जातो, कारण तेव्हाचा 'क' पुढे चिनीतच 'च' झाला. जुन्या नावांना पिनयिन लावताना हे ध्यानात ठेवावं लागतं: पिनयिन आजचा उच्चार सांगतं, तांग काळातला नाही.

२०. बातमीत 'बीजिंग' लिहावं की 'पेइचिंग'? 'जिनपिंग' की 'चिनफिंग'?

चायना रेडिओ इंटरनॅशनलची हिंदी सेवा पेइचिंग आणि शी चिनफिंग लिहिते आणि उच्चाराच्या दृष्टीने ते बरोबर आहे. माझं मत असं की वाचकाच्या डोळ्याला पक्की झालेली दोन-चार नावं मोडू नयेत, बीजिंग राहू द्यावं. नवीन नाव पहिल्यांदा मराठीत येतं तेव्हा मात्र ते इंग्रजी वाचून लिहू नये, प्रश्न २ आणि ३ मधल्या वाटणीने लिहावं. एका बातमीत दोन्ही पद्धती मिसळू नयेत, एवढं तरी पाळावं.

२१. शब्दकोशात नुसतं एन-जी असं, स्वर नसलेलं अक्षर सापडलं. छपाईची चूक आहे का?

चूक नाही. हुंकार, होकार, आश्चर्य दाखवणारे काही उद्गार स्वराशिवाय लिहितात: एन, एन-जी, एम, एच-एम. टोनची खूण तेव्हा व्यंजनावरच बसते. असाच एक दुर्मीळ उद्गार टोपी घातलेल्या ईने लिहितात आणि त्याचा उच्चार सरळ 'ए' होतो.